आधी डोळा, मग हात : चित्रकलेच्या पायाभूत अभ्यासाविषयी

आपल्यापैकी काही घरांत जुनी ट्रंक उघडली की लग्नपत्रिका, जमिनीचे कागद आणि पंचांगे यांच्यामध्ये एक जाड कागद सापडतो. तो एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचा दाखला असतो. आजोबा पुढे कारकून झाले, ओव्हरसीयर झाले किंवा वकील झाले. चित्रकार झाले नाहीत. तरी तो दाखला त्यांनी जपून ठेवला. त्याच घरातला आजचा सुशिक्षित माणूस मात्र सहज सांगतो, ‘आमच्याकडे चित्रकला कुणाच्या हातात नाही.’ या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे तुम्हाला वाटत नाही का? आजोबांच्या पिढीने चित्र काढणे हा एक शिकण्याचा विषय मानला. आपण त्याला दैवी देणगी करून टाकले आणि स्वतःची त्यातून सुटका करून घेतली.

चित्र काढण्याचा पाया हा क्रमाने शिकता येतो, हे या व्याख्यानात मला सांगायचे आहे. कोणीही शिकून मोठा चित्रकार होईल, असा दावा नाही. पण समोरचा तांब्या तांब्यासारखा, अंगण अंगणासारखे आणि घरातले माणूस ओळखू येईल असे कागदावर उतरवणे, एवढे बहुतेक सर्वांना साधते. त्यासाठी एक क्रम लागतो आणि रोजचा थोडा वेळ लागतो.

गाण्याच्या बाबतीत हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, ती वासुदेवबुवा जोशींकडे राहून शिकूनच. गाणे शिकायला आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी कुणी बडा ख्याल गायला सांगत नाही. आधी षड्ज लावायचा, मग सरळ अलंकार, मग पलटे. सहा महिन्यांनी मुलगा अजून अलंकारच म्हणतो आहे म्हणून त्याच्या गळ्यात गाणे नाही, असे आपण म्हणत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र कोरा कागद पुढे टाकून ‘काहीतरी काढ’ असे सांगतो आणि पहिल्या तासाला निकाल देऊन मोकळे होतो.

आता हा क्रम आपल्याकडे आला कुठून, ते थोडक्यात पाहू. जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. १८५१ च्या लंडनमधील मोठ्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडातील कलाशाळांसाठी २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम बसवला. आधी सरळ बाह्यरेषा, मग छापील नमुन्यावरून नक्कल, मग घन आकार, मग छायांकन, मग प्लॅस्टरचे पुतळे, असा तो चढत जाई. त्यामागचा मुख्य हेतू कारखान्यांना चांगले नक्षीकार मिळावेत हा होता. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले, तेही हस्तव्यवसाय आणि उद्योग डोळ्यांसमोर ठेवून. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाशाळेत आणि पुढे याच कलाभवनात शिकले. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे तेथलेच विद्यार्थी, आणि विष्णू चिंचाळकरही. बेंद्रे १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. म्हणजे आपण ज्या गावांत राहतो, त्या गावांतूनच ही परंपरा वाहत गेली आहे.

त्या जुन्या पद्धतीत दोषही होते. एकेका पुतळ्याच्या छायांकनावर आठवडेच्या आठवडे ठिपके देत बसायचे, छापील नमुन्याची तंतोतंत नक्कल करायची, यात पुष्कळांचा उत्साह आटला. परीक्षेतल्या स्मरणचित्राचेही तेच झाले. मुले बसथांबा, भाजीबाजार आणि जत्रा अशी दोन-चार चित्रे घरून पाठ करून जातात आणि प्रश्न कोणताही आला तरी तीच थोडी फिरवून काढतात. स्मरणशक्तीची ती कसोटी असते, निरीक्षणाची नसते. तेव्हा मी पुढे जो क्रम सांगतो आहे, त्यात जुन्या पद्धतीची शिस्त ठेवली आहे आणि नक्कल शक्य तितकी गाळली आहे.

पहिली पायरी रेषेची. लिहिताना आपला हात मनगटातून आणि बोटांतून हलतो, कारण अक्षर लहान असते. चित्राची लांब रेषा तशी काढली की ती अडखळते. म्हणून बोर्ड थोडा तिरपा ठेवा, पेन्सिल टोकापासून दूर धरा आणि हात खांद्यातून हलू द्या. कागदावर वीतभर अंतरावर दोन ठिपके द्या. नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा आणि एका दमात रेषा ओढा. ती चुकली तर खोडू नका. शेजारी दुसरी काढा. वर्तुळ काढताना कागदाला टोक न लावता हात दोन-तीनदा हवेत फिरवून घ्या, मग टेकवा. रोज दहा मिनिटे, दोन आठवडे. या काळात खोडरबर कपाटात ठेवलेले बरे. रबर हाताशी असले की माणूस रेषा काढण्याआधीच तिच्याविषयी साशंक होतो.

इथे घरातल्या स्त्रियांना एक विचारावेसे वाटते. वर्षानुवर्षे तुम्ही उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी काढत आलात. चिमटीतून पडणारी रेघ सारख्या जाडीची ठेवणे, ठिपक्यांमधले अंतर नजरेने सारखे राखणे, वळण न तोडता पुरे करणे, हे सगळे तुम्हाला येते. आणि तिथे खोडरबर नसते. तरी ‘मला चित्र येत नाही’ असे तुम्ही कोणत्या आधारावर म्हणता?

दुसरी पायरी पाहण्याची, आणि खरी अडचण इथेच आहे. कुणालाही न पाहता खुर्ची काढायला सांगा. बैठक चौकोनी येईल आणि चारही पाय सारख्या लांबीचे येतील. मग खरी खुर्ची समोर ठेवून काढायला सांगा. पुष्कळदा तीच खुर्ची पुन्हा येते. समोर बैठक तिरकस, पसरट चौकोनासारखी दिसत असते, मागचे पाय आखूड दिसत असतात. पण ‘बैठक चौकोनी असते’ हे ज्ञान मध्ये येते आणि डोळ्याची साक्ष नाकारते. रोजच्या व्यवहारात हे ज्ञान उपयोगाचे आहे. खुर्चीवर बसायचे असेल तर ती खुर्ची आहे एवढे कळले की पुरे. चित्रकाराला मात्र ते थोडा वेळ बाजूला ठेवावे लागते.

ते बाजूला कसे ठेवायचे, याच्या तीन युक्त्या आहेत. पहिली अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ साली निघालेल्या पुस्तकाने सर्वत्र पोचली. आपल्याच डाव्या हाताच्या कडेवरून नजर मुंगीच्या गतीने फिरवायची आणि कागदाकडे न पाहता तितक्याच गतीने पेन्सिल चालवायची. चित्र वेडेवाकडे येते. पण बोटांच्या पेरांवरची प्रत्येक घडी त्यात आलेली असते. दुसरी युक्ती, वस्तूऐवजी तिच्याभोवतीची रिकामी जागा काढायची. खुर्चीच्या पायांमधली, कपाच्या कानातली, समईच्या वातींमधली पोकळी. पोकळीला नाव नसते, म्हणून तिच्याविषयी आपल्या मनात आधीचे ज्ञानही नसते. तिसरी, बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेली. एखादे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची प्रत करायची. उलट्या चेहऱ्यात नाक ‘नाक’ राहत नाही, ती नुसती वळणे होतात, आणि नवशिक्याची प्रत बहुधा सरळ ठेवून केलेल्या प्रतीपेक्षा चांगली येते. हात तोच असतो. फरक पाहण्यात पडलेला असतो.

तिसरी पायरी प्रमाणाची. हात कोपरात न वाकवता पुढे ताणा, पेन्सिल उभी धरा आणि एक डोळा मिटा. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. आकडा महत्त्वाचा नाही, नाते महत्त्वाचे. उभेपणा पाहायला गवंड्यासारखा ओळंबा वापरा. दोऱ्याला चावी बांधली की झाले. कोणता बिंदू कोणत्या बिंदूच्या बरोबर खाली येतो, हे त्याने कळते. चेहऱ्यातली सर्वांत प्रसिद्ध चूकही मोजल्याने निघते. डोळे कपाळाच्या जवळ, वरच्या भागात असतात असे बहुतेकांना वाटते. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून पाहा. मोठ्या माणसाचे डोळे जवळजवळ बरोबर मध्यावर असतात. उभ्या प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. वर्षाच्या मुलाची चारपटच असते. म्हणूनच मोठ्या माणसाचे शरीर नुसते लहान करून काढलेले मूल बुटक्या माणसासारखे दिसते.

चौथी पायरी घनाकारांची. घरातली बहुतेक भांडी गोल, नळकांडे आणि शंकू या तीन आकारांतून उभी राहतात. पितळी तांब्या म्हणजे खाली गोल आणि वर आखूड नळकांडे. त्याचे तोंड खरे तर वर्तुळ आहे, पण बाजूने पाहताना ते लंबगोल दिसते. या लंबगोलाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याची टोके कधीही अणकुचीदार नसतात, गोलाईच असते. आणि भांडे नजरेच्या खाली असेल तर तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त उघडा असतो. नवशिक्या तोंड गोल काढतो आणि तळाला सरळ रेघ मारतो, कारण भांडे सपाट जागेवर बसले आहे हे त्याला ठाऊक असते. काचेच्या पेल्यात अर्धे पाणी घ्या आणि पेला हळूहळू डोळ्यांपर्यंत वर उचला. पाण्याचा लंबगोल चिंचोळा होत होत नजरेच्या पातळीला नुसती रेघ होतो. हा प्रयोग एकदा केला की नियम पाठ करावा लागत नाही.

त्यातूनच पाचवी पायरी येते, यथार्थदर्शनाची. नजरेची पातळी हीच क्षितिजरेषा. तुम्ही उभे राहिलात की ती वर जाते, पाटावर बसलात की खाली येते. तुमच्यापासून दूर जाणाऱ्या, जमिनीला समांतर आणि परस्परांना समांतर अशा सर्व रेषा त्या क्षितिजरेषेवरच्या एका बिंदूकडे धावतात. वाड्याच्या लांब सोप्यात एका टोकाला उभे राहून पाहा. तुळया खाली उतरताना दिसतील, फरशीच्या कडा वर चढताना दिसतील आणि खांबांमधले अंतर दूर जाताना कमी होत जाईल. हे गणित पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने प्रत्यक्ष करून दाखवले आणि आल्बेर्तीने १४३५ साली ते ग्रंथात मांडले. आपल्या लघुचित्रांत अंगण वरून, माणसे बाजूने आणि झाड समोरून असे एकाच चित्रात दिसते. ते अज्ञान नव्हे; ती जागा दाखवण्याची वेगळी रीत आहे. पण एका जागी उभे राहून दिसते तसे काढायचे असेल, तर यथार्थदर्शनाला पर्याय नाही.

सहावी पायरी छायाप्रकाशाची. खोलीत एकच दिवा ठेवा आणि पांढऱ्या कागदावर अंडे ठेवा. घरात अंडे चालत नसेल तर खडूने पांढरा केलेला चेंडू. त्यावर पाच गोष्टी दिसतात. सर्वांत उजळ ठिपका, त्याभोवतीचा मध्यम उजेड, वळणावरची गडद छाया, सावलीच्या बाजूला कागदावरून उलटून आलेला मंद उजेड आणि टेबलावर पडलेली सावली. डोळे किलकिले केले की बारकावे पुसले जातात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे तुकडे उरतात. आधी तेच भरा. उलटून आलेला उजेड नवशिक्याला इतका आवडतो की तो फार उजळ काढतो. तो सावलीतला उजेड आहे; उजेडाच्या बाजूपेक्षा तो नेहमी गडदच राहायला हवा. आणि बोटाने शिसे पसरवू नका. त्याने गुळगुळीतपणा येतो, आकार येत नाही.

सातवी पायरी स्मरणाची आणि वेगाची. बाजारात, देवळात किंवा रेल्वेच्या फलाटावर माणसे आपल्यासाठी थांबत नाहीत. अर्ध्या मिनिटात त्यांचा झोक पकडायचा. कणा कुठे झुकला आहे आणि भार कोणत्या पायावर आहे, एवढेच. घरी येऊन त्यातली एक आठवून पुन्हा काढायची. दुसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन आपण काय विसरलो ते तपासायचे. पाठ केलेल्या जत्रेपेक्षा हे स्मरणचित्र किती वेगळे असते, ते करून पाहिल्यावर कळेल.

रोज अर्धा तास दिला तर या सात पायऱ्या सहा-सात महिन्यांत चढून होतात. वयाची अडचण नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० साली, सत्तावीस वर्षांचा असताना, चित्रकार व्हायचे ठरवले. त्याच्याकडे शाळा नव्हती. शार्ल बार्ग याने तयार केलेला छापील रेखाटन-अभ्यासक्रम त्याने मिळवला आणि त्यातले तक्ते एकापाठोपाठ एक उतरवून काढले. दहा वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, जगाला आज ठाऊक असलेली चित्रे काढून झाल्यावरही, त्याने भावाला पत्र लिहून तेच तक्ते पुन्हा मागवले.

आता नेहमीचा आक्षेप. असा कित्ता गिरवून कल्पकता मरत नाही का? इंदूरच्या वाचकांना याचे उत्तर चिंचाळकर गुरुजींच्या रूपाने ठाऊक आहे. देवळालीकरांच्या हाताखाली रीतसर शिकलेला हा माणूस पुढे वाळक्या काटक्या, साली आणि फेकून दिलेल्या वस्तू यांतून पक्षी आणि माणसे उभी करत राहिला. काटकीत पक्षी दिसायला आधी पक्ष्याचा झोक डोळ्यांत बसलेला असावा लागतो. गोमंतकाचे आंजेलो द फोन्सेका यांचे उदाहरण उलट बाजूने बोलते. मुंबईच्या कलाशाळेतले पाश्चात्य वळणाचे शिक्षण त्यांना मानवले नाही. ते सोडून ते शांतिनिकेतनला गेले. त्यांनी एक शिस्त सोडली ती दुसरी स्वीकारण्यासाठी. शिकणे सोडले नाही. आपल्या परंपरेतही ‘सुचेल तसे काढा’ असा उपदेश नाही. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. भाव आणि लावण्य यांच्याआधी रूपभेद आणि प्रमाण येतात, हा क्रम मला सूचक वाटतो.

कल्पकता मारणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. सातवीत असताना वर्गात मी पेला काढत होतो. तोंडाचा लंबगोल तिरका गेला होता. शिक्षकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, माझी रेघ खोडली आणि अर्ध्या मिनिटात सुरेख पेला काढून दिला. त्यांचा हेतू चांगलाच होता. घरी सर्वांनी त्या चित्राचे कौतुक केले, आणि तो पेला माझा नाही हे फक्त मला माहीत होते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चित्र काढले नाही. म्हणून पालकांना आणि आजी-आजोबांना एक विनंती आहे. मुलाच्या कागदावर आपली रेघ ओढू नका. शेजारी दुसरा कागद घ्या आणि त्यावर दाखवा. ‘छान आहे’ किंवा ‘हे काय काढलेस’ यांपैकी काहीही म्हणण्यापेक्षा ‘कान कुठून निघतो, पुन्हा पाहू या का?’ असे विचारा. मुलाची चूक हातात नसते, ती पाहण्यात असते. आणि दुसऱ्यासाठी पाहून देता येत नाही.

शेवटी, हे सगळे कशासाठी? मोबाइलने एका क्षणात फोटो निघतो, हे खरे. पण आपल्या जुन्या गल्ल्यांमधले वाडे एकेक करून उतरत आहेत. ज्या घरात आपल्या चार पिढ्या राहिल्या, त्याच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या, हे किती जणांना सांगता येईल? माझ्या घराबद्दल मला सांगता आले नव्हते. वाडा पाडायचे ठरल्यावर मी वही घेऊन चौकात बसलो. तीन सकाळी गेल्या. चित्र साधेच आले, डावीकडची तुळई चुकलीच आहे. पण देवघराच्या चौकटीवरचे कमळ मधोमध नसून बोटभर उजवीकडे कोरलेले होते, हे मला त्या तीन दिवसांत कळले. जन्मापासून रोज त्या चौकटीखालून मी वाकून आत जात होतो. त्या वाड्याचे फोटो पुष्कळ आहेत. त्यांत ते कमळ आहेही. फोटो पाहताना मात्र ते मला कधी दिसले नव्हते.

तेव्हा उद्या सकाळी चहा झाल्यावर कागद घ्या, दोन ठिपके द्या आणि एक रेषा ओढा. ती वाकडी येईल. तिच्याशेजारी दुसरी ओढा.